मी खापरखेड्याचीच

सुभद्राबाई साहूंना एकच गोष्ट सांगता येत होती, आणि नंदनवनातल्या त्यांच्या गल्लीत ती न ऐकलेलं माणूस नव्हतं. भाजीवाला, दूधवाला, गॅसची टाकी आणणारा, समोरच्या बिल्डिंगमधली नवी सून, दोन मिनिटं जो कोणी उंबऱ्याशी टेकेल त्याच्या वाट्याला ती यायची. गोष्ट त्यांच्या येण्याची होती.

पाऊस न आलेल्या एका वर्षी छत्तीसगडातल्या डोंगरगढच्या पलीकडच्या गावातून त्या आणि त्यांचा नवरा बळीराम निघाले. दोन दिवस चालून स्टेशनावर आले आणि नागपूरला जायचं म्हणून गाडीत बसले. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. स्टेशन आलं की बळीराम खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "नागपूर आ गे का?" आणि सारा डबा हसायचा. शेवटी त्याला विचारायचीच लाज वाटू लागली. एका मोठ्या स्टेशनावर पुष्कळ लोक उतरले, म्हणून हेही उतरले. ते कामठी निघालं.

तिथं कोणीतरी सांगितलं, खापरखेड्याच्या वीजघरात कोळशाच्या वॅगनी खाली करायला माणसं लागतात. नदीच्या काठाकाठानं दोघं चालत गेले. तिथल्या वस्तीत जिजाबाई नावाच्या एका बाईनं त्यांना आपल्या गाईच्या कोठ्यात जागा दिली. गोष्ट इथवर आली की सुभद्राबाई थांबायच्या. मुलगा दुर्गेश घरात असला तर त्याच्याकडे बघायच्या. कोणी काही बोललं नाही की म्हणायच्या, "मग काय, मग हा झाला." आणि गोष्ट संपायची.

दुर्गेशला ती गोष्ट कधी आवडली नाही. लहानपणी खापरखेड्याच्या शाळेत पोरं त्याला 'बासी' म्हणून चिडवायची, कारण त्याच्या डब्यात रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, बासी, असायचा. तो दहावीत असताना बळीराम गेला. मग दुर्गेश नागपूरला आला, एका उस्तादाच्या हाताखाली मोटरी भरायला शिकला, आणि सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यानं स्वतःचं मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. नंदनवनात दोन खोल्यांचं घर झालं, पुढे वर एक खोली चढली. 'काहून' आणि 'करून राहिलो' त्याच्या तोंडी असं बसलं होतं, की तो इथला नाही असं कोणी म्हटलं नसतं. फक्त आईच्या तोंडून अधूनमधून गावाकडचं 'का करबे' निघायचं, आणि गिऱ्हाईक समोर असलं की दुर्गेशला ते टोचायचं.

त्याची मुलगी रीना मात्र त्या गोष्टीवर वाढली. आजी गाडीत बसवायची आणि रीना प्रत्येक स्टेशनावर ओरडायची, "नागपूर आ गे का?" दोघी हसून हसून लोळायच्या. आतून दुर्गेश म्हणायचा, "आई, पुरे झालं आता, पोरीले अभ्यास करू दे."

रीना बारावी झाली. मार्क चांगले पडले, प्रवेश परीक्षेतही नंबर बरा आला. सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात जागा मिळणार हे दिसत होतं, पण ती राखीव जागा होती आणि तिला जातीच्या दाखल्याची पडताळणी लागत होती. त्यासाठी घराणं सदुसष्ट सालाच्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा कागद हवा होता. दुर्गेशकडे सगळ्यात जुना कागद होता तो बळीरामच्या ठेकेदारानं दिलेला पास. त्यावर साल होतं एकाहत्तर.

दुर्गेशचा साळा अश्विन कचेरीजवळ बसून लोकांचे अर्ज भरून द्यायचा. त्यानं पास उलटासुलटा करून पाहिला.

"जिजाजी, हे कामाचं नाही. एकाहत्तर म्हणजे नंतरचं झालं. तुमचं घराणं आलं कवा?"

"मले काय माहीत? दुष्काळ होता म्हणते आई."

"दुष्काळ तर बहात्तरले होता."

"मी बहात्तरचा. त्याच्या आधी आले असतील. सत्तरच्या आसपास."

"मग तर गेलंच सारं." अश्विननं आवाज खाली केला. "आता असं करा. बाहेरून आले हे कुठं निघूच नका देऊ. आमी पिढ्यान् पिढ्या इथलेच, कागद पुरात वाहून गेले म्हणा. घरी चौकशीले माणूस येईल. बुढीले सांगून ठेवा. ती गाडीची गोष्ट तिनं काढली, का पोरीचं काम संपलं."

आई कोणत्या साली आली, हे आईलाच विचारावं असं तेव्हा दुर्गेशच्या मनातही आलं नाही. तिला सालं कुठं कळतात, असं तो धरून चालला होता.

त्या संध्याकाळी सुभद्राबाई ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. दुर्गेश समोर उकिडवा बसला.

"आई, चौकशीले साहेब येईल. तुले विचारलं, तू कुठची, तर काय सांगशील?"

"काय सांगीन? सांगीन ना, पाऊस नाही आला, मग आमी दोघं…"

"ते नाही सांगायचं! मी खापरखेड्याचीच, एवढंच सांगायचं."

सुभद्राबाईंनी मेथीची काडी खाली ठेवली. "काहून? खोटं काहून सांगू?"

"रीनाची अॅडमिशन आहे ना."

"मग मी साहेबाले बराबर सांगतो ना, कवा आलो, कसे आलो. तू बस, तुले पयले सांगतो."

"आई, मले नाही ऐकायची ती गोष्ट!" दुर्गेश एकदम उसळला. बायको प्रेमलता दारात आली, रीना जिन्यावर थांबली. "पन्नास वर्षं ऐकून राहिलो. तुह्या त्या गोष्टीनं आता पोरीचं वाटोळं होईल, तवा तुले समजंन काय?"

सुभद्राबाईंनी मेथीची काडी पुन्हा उचलली. रीना म्हणाली, "बाबा, असं काय बोलता?" त्यावर दुर्गेश तिलाही ओरडला, की हे सारं तुझ्यासाठीच चाललं आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नजरेला आईच्या हातातल्या चांदीच्या ऐंठ्या पडल्या. पिळाच्या, जाड, छत्तीसगडी बाया घालतात तशा. लग्नात घातलेल्या त्या कधी निघाल्या नव्हत्या. त्यानं आईला मोरीजवळ बसवलं, मनगटाला साबण लावला आणि ओढून ओढून काढल्या. डाव्या हाताची साल निघाली. "राहू दे ना बेटा," एवढंच ती एकदा म्हणाली. मग तीन दिवस तो संध्याकाळी खुर्चीवर साहेब होऊन बसला आणि आईला विचारत राहिला, तुम्ही कुठच्या, तुमचं माहेर कुठचं, सासर कुठचं. तिसऱ्या दिवशी ती न अडखळता बोलली.

चौकशीला आलेला माणूस दुर्गेशच्याच वयाचा होता, शांत आवाजाचा. त्यानं चहा घेतला नाही, पाणी घेतलं. सुभद्राबाईंसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यानं विचारलं, "आजी, तुमी मूळच्या कुठच्या?"

"मी खापरखेड्याचीच."

"आणि माहेर?"

"खापरखेडाच."

"माहेरही तेच, सासरही तेच? मग लग्न कोणाच्या दारी लागलं?"

हे दुर्गेशनं शिकवलं नव्हतं. सुभद्राबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर भिंतीकडे वळवली.

"भाऊ-बहीण कोणी आहे? मामा? काका?"

"मी खापरखेड्याचीच," त्या पुन्हा म्हणाल्या. नंतर त्यांनी तोंडच उघडलं नाही. साल सोललेलं मनगट त्या पदराखाली चोळत बसल्या.

माणसानं काहीबाही लिहून घेतलं आणि निघाला. फाटकाशी दुर्गेश त्याच्या मागे गेला. स्कूटर काढता काढता तो माणूस म्हणाला, "दादा, एक सांगू? माणूस कुठून आला याचं आमाले काही नाही. कवा आला, तेवढं पाहतो आमी. आजीले मोकळं बोलू द्याले पाहिजे होतं."

दुर्गेशच्या तोंडाशी आलं, की साहेब, पुन्हा बसा, ती सांगते सारं. पण आता सांगायचं म्हणजे आपण खोटं पढवलं हे कबूल करायचं. तो "हो, हो" म्हणत उभा राहिला आणि स्कूटर कोपऱ्यावरून वळली.

दीड महिन्यानं निकाल आला. पुरावा अपुरा, आजीची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी नाही, दावा अमान्य. जागा दुसऱ्या कोणाला गेली. रीनानं जवळच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. ती बापाला काही बोलली नाही, पण ओरडली असती तर बरं झालं असतं, असं दुर्गेशला वाटायचं.

सुभद्राबाईंनी गोष्ट सांगणं बंद केलं. आधी कोणाच्या ध्यानातच आलं नाही. मग एका रविवारी रीना आजीच्या मांडीवर डोकं टेकून म्हणाली, "आजी, गाडीची गोष्ट सांग ना. आता काय, आता तर कोणी साहेब येऊन नाही राहिला."

"कोणती गाडी वं?"

"कोणती म्हणजे? नागपूर आ गे का!"

"मले नाही माहीत माय. मी खापरखेड्याचीच."

रीना हसली. आजी हसली नाही. रीना उठून बसली आणि तिनं बापाकडे पाहिलं.

दुर्गेशनंही विचारून पाहिलं, एकदा चेष्टेनं, एकदा हात धरून. "आई, मी चुकलो. सांग ना, तुमी आले तवा काय झालं?" तिनं तेच सांगितलं. ती रागानं बोलते आहे की खरंच विसरत चालली आहे, हे त्याला कळेना. बाकी सारं तिला आठवत होतं. दूधवाल्याचा हिशेब, प्रेमलताच्या माहेरचं लग्न, रीनाच्या परीक्षेची तारीख, सगळं. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला वयाचं आहे. दुर्गेशला आईच्या हातात ऐंठ्या परत घालाव्याशा वाटल्या. आईनं हात मागे घेतला, "आता नाही बसत त्या," म्हणाली.

पुढच्या थंडीत सुभद्राबाई गेल्या. सकाळी चहा घेतला, उन्हात बसल्या, आणि प्रेमलता कप न्यायला गेली तेव्हा संपल्या होत्या.

तेरवीला खापरखेड्याहून जिजाबाई आल्या. नव्वदीला टेकलेल्या, कंबरेत वाकलेल्या, नातजावयाच्या गाडीतून. दुर्गेशनं त्यांना खूप वर्षांनी पाहिलं. पंगत बसायच्या आधी त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"सुभद्रेच्या पानाजवळ नोनीचं पान मांडलं काय गा?"

"कोणती नोनी, मोठीमाय?"

जिजाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तुही बहीण. तुले नाही माहीत?"

दुर्गेश त्यांच्या पायाशी खालीच बसला. रीना हातात पत्रावळींचा गठ्ठा घेऊन तशीच उभी राहिली.

"सुभद्रा माह्या दारात आली तवा दिवसांत होती," जिजाबाई सांगू लागल्या. "चालून चालून पाय असे सुजलेले. आठ दिवस नाही झाले, कोठ्यातच मोकळी झाली. पोरगी झाली, मीच नाळ कापली. त्यांच्या भाषेत पोरीले नोनीच म्हणतात, दुसरं नाव ठेवाची सवडच कुठं होती तिले? बारशाले गावाकडून मामा येईल, मग ठेवू म्हणे. मामा काही आला नाही. दहा महिन्यांची झाली आणि गोवर निघाला. बळीराम कामावर होता, मी आन् सुभद्रा दोघी दवाखान्यात घेऊन गेलो, पर वाटेतच गेली. कोतवालानं नाव लिहून घेतलं. नदीच्या काठी ठेवली तिले."

"कोणत्या साली, मोठीमाय?" दुर्गेशनं विचारलं. विचारता विचारता त्याला स्वतःचीच लाज वाटली, की या वेळीसुद्धा आपल्याला सालच सुचलं.

"माह्या गणपतची पयली दिवाळी होती त्या साली. तो सहासष्टचा."

पंगतीत कोणीतरी वाढा, वाढा म्हणून हाक मारत होतं. कोणी उठलं नाही.

"आईनं मले कधी सांगितलं नाही," दुर्गेश म्हणाला.

"सांगणार होती ना. मी तिले किती डाव म्हटलं, सांगून टाक पोराले. तर म्हणे, जिजा, मी गोष्ट तुह्या कोठ्यापर्यंत आणून ठेवतो. आपल्या तोंडानं त्याच्या पुढं नाही जाऊ सकत. पोरगा ज्या दिवशी विचारंल, मग काय झालं, त्या दिवशी सांगीन." जिजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "तू विचारलं नाही काय गा कधी?"

दुर्गेशनं नकारानं मान हलवली. आई थांबायची, त्याच्याकडे बघायची, आणि त्याला वाटायचं, संपली एकदाची.

त्या दिवशी त्यांनी अजून एक पान मांडलं.

आठवड्यानं दुर्गेश तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेला. तिथल्या बाईंनी जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या काढून दिल्या. कागद इतका वाळलेला, की पान उलटताना कडा गळत होत्या. दोन दिवस लागले. मग सहासष्टच्या पानावर मोडीसारख्या वळणाच्या अक्षरात सापडलं: मयत नोनी, वय दहा महिने, बाप बळीराम, पुढे जात, रोग गोवर, राहणार खापरखेडा.

"छान कागद भेटला हो तुमाले," बाई म्हणाल्या. "जात आहे, साल आहे. यावर काम होऊन जाईल. आधी काहून नाही काढला?"

नक्कल घेऊन तो बाहेर झाडाखाली बसला. आई त्या संध्याकाळी म्हणाली होती, बस, तुले पयले सांगतो. ती साहेबाला हेच सांगणार होती. रीनासाठी, जे साठ वर्षं तोंडातून निघालं नव्हतं ते एका अनोळखी माणसापुढे सांगायला ती तयार झाली होती, आणि त्यानं तिला गप्प केलं होतं.

घरी येऊन त्यानं कागद रीनाच्या हातात दिला. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला.

"अपील करतो," दुर्गेश म्हणाला. "अश्विनमामा म्हणे, वर्षभरात होऊन जाईल."

"करा."

"तुह्या कॉलेजचं आता…"

"बाबा, कॉलेजचं नाही म्हणून राहिली मी." रीनानं कागद टेबलावर ठेवला. "मीही नाही विचारलं ना तिले. मी तर नुसती हसत राहायची."

अपील मंजूर झालं. पडताळणीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा रीना बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढे नोकरीत कामी येईल, म्हणून प्रेमलतानं ते कपाटात ठेवलं.

मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर रीना म्हणाली, आपण आजीच्या गावाला जाऊ. दुर्गेश लगेच तयार झाला, दुकान दोन दिवस बंद ठेवतो म्हणाला. मग प्रश्न आला गावाच्या नावाचा. आईनं ते नाव शंभरदा घेतलं असेल. दुर्गेशनं डोळे मिटून आठवून पाहिलं. त्याला आईचा आवाज ऐकू यायचा, पण नावाच्या जागी काहीच ऐकू यायचं नाही. रीनाला शेवट तेवढा आठवत होता, काहीतरी 'डीह'. जिजाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सुभद्रा तर 'आपलं गाव' एवढंच म्हणायची.

तरी ते गेले. डोंगरगढला उतरले, स्टेशनाबाहेर एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाला म्हातारा होता. कुठं जायचं म्हणून त्यानं विचारलं. दुर्गेशनं सांगितलं, आईबाप या भागातले, साठ वर्षांपूर्वी नागपूरकडे गेले, गावाचं नाव माहीत नाही, 'डीह' आहे त्यात.

"अरे बेटा, डीह तो यहाँ कितने हैं," म्हातारा म्हणाला आणि बोटांवर गावांची नावं मोजू लागला. या रस्त्यावरची, त्या रस्त्यावरची, डोंगरामागची. एकेक नाव घेऊन तो थांबायचा आणि दोघांच्या तोंडाकडे बघायचा. दुर्गेश प्रत्येक नाव मनात आईच्या आवाजात म्हणून पाहत होता. दोन वेळा त्याला वाटलं, हेच. मग दुसरं ऐकलं की तेही तसंच वाटायचं. म्हाताऱ्यानं अकरा नावं सांगितली आणि म्हणाला, दोन दिवस चालून येण्याइतकी लांब म्हटली तर अजून निघतील.

"बाबा, कोणतं?" रीनानं विचारलं.

"नाही सांगता येत बेटा," दुर्गेश म्हणाला.

म्हाताऱ्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. इथलेच आहात तुम्ही, असं म्हणाला. दोघं परतीच्या गाडीची वेळ पाहायला आत गेले.